सारख्याच रंगाच्या नळ्या

१. ताटली

स्टीलची ताटली फरशीवर आदळली तशी खोलीतली सगळी माणसं दचकली. मोठ्या साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला, छोट्या डॉक्टरणीचे हात कानांवर गेले, प्रयोगशाळेतला तपासणीस खुर्चीतून अर्धा उठला. दचकलं नाही ते फक्त आईच्या कडेवरचं पाच महिन्यांचं बाळ. ते आपली मूठ चोखत खिडकीकडे बघत बसलं होतं.

"बघितलंत?" आई म्हणाली. "परत आपटू?"

परत आपटायची गरज नव्हती. मास्तरीणबाईंनी बघितलं होतं.

मास्तरीणबाई म्हणजे औषधशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. आसपासच्या निम्म्या डॉक्टरांनी कधी ना कधी त्यांची बोलणी खाल्ली होती. खुर्चीतले मोठे साहेबही एके काळी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून माना डोलवत. आज त्यांना मानाने बोलावलं होतं ते एका सहीसाठी. लहान मुलांच्या एका जुन्या, जालीम इंजेक्शनचा नवा डोस साहेबांनी शोधून काढला होता. बाहेरच्या तज्ज्ञाची सही पडली की हा डोस सगळ्या बालरुग्णालयांत लागू होणार होता, आणि साहेबांच्याच नावाने ओळखला जाणार होता.

हे औषध म्हणजे दुधारी सुरी. बाकीची औषधं हरली की हे जिंकतं. पण ते जितक्या वेगाने रक्तात चढतं तितक्याच नीट उतरलंही पाहिजे. पुढचं इंजेक्शन द्यायच्या आत उतरलं नाही, तर साठत जातं आणि कानाच्या आतली नस खातं. मोठ्या माणसाचा डोस वजनाने भागून मुलाला द्यावा तर तेही चालत नाही, कारण पोर म्हणजे काही लहान मापाचा माणूस नव्हे. त्याची किडनी अजून शिकाऊ असते. म्हणून साहेबांनी वॉर्डातल्या मुलांना नवा डोस देऊन, दर इंजेक्शननंतर ठरावीक वेळाने त्यांचं रक्त तपासलं होतं. ताटलीने न दचकलेलं बाळ त्या मुलांपैकीच एक.

"ताप आला म्हणून आणलं," आई म्हणाली. "ताप गेला. पण आधी माझी हाक ऐकली की मान वळवायची. आता खुळखुळा कानाशी वाजवला तरी हूं नाही की चूं नाही. काय घातलंत माझ्या पोरीच्या अंगात?"

साहेबांनी बशीतला चहा शांतपणे कपात ओतला. "ताई, तुमचं दुःख मला कळतं. पण तुमच्या बाळाचं रक्त आम्ही तपासलंय. औषध छान चढलं, छान उतरलं. रक्त खोटं बोलत नाही. म्हणजे चूक डोसात नाही, देणाऱ्या हातात आहे. एखाद्या दिवशी सिस्टरने जास्त भरलं असणार. त्यांच्यावर कारवाई होईल, शब्द देतो." मग बाईंकडे वळून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, मोठं काम म्हटलं की असं एखादं व्हायचंच. सही तेवढी..."

एखादं! ते एखादं समोर मूठ चोखत होतं.

"सही परवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तोवर मी तुझ्या वॉर्डात फिरणार. कुणी मागे मागे यायचं नाही."

साहेब हसले. पण बाईंना दिसलं ते वेगळंच. छोट्या डॉक्टरणीचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्यावर नुकत्याच वाळलेल्या कांजिण्यांचे डाग उठून दिसत होते.

२. हलका हात

वॉर्डातली सिस्टर रडत नव्हती. रडून झालं होतं बहुतेक. ती पांढऱ्या कपाटातल्या सुया नीट लावलेल्या असताना पुन्हा लावत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "खापर फोडायला डोकं शोधत होते, माझं सापडलं."

बाईंनी तिला बाटलीतल्या नुसत्या पाण्याने डोस भरायला सांगितला. त्या पाच महिन्यांच्या बाळाचा, होता तसाच. सिस्टरने सिरिंज उजेडाकडे धरली, बुडबुडा टिचकीने वर आणून काढून टाकला, रेघेवर डोळा आणला आणि थांबली. मापात केसाचाही फरक नव्हता. बाईंनी दुसऱ्या वजनाचं बाळ सांगितलं, मग तिसऱ्या. तिन्ही वेळा तेच. वजनकाटाही पाहिला, त्यावर मापाचं वजन ठेवून पाहिलं. काटा बिचारा खरा निघाला.

"वजन कसं करता? लंगोटासकट?"

"नागडं करून, बाई. लंगोट ओला असला तर वजन किती वाढतं! थंडीत आया माझ्या नावाने बोटं मोडतात, पण मी सोडत नाही."

"रक्तही तूच काढायचीस?"

"मला कुठलं काढू देतात! ते शेजारच्या छोट्या खोलीत. बाळ आत न्यायचं, दार लावायचं, थोड्या वेळाने परत आणून द्यायचं. आईलाही आत सोडत नव्हते. आई रडली की बाळ रडतं, म्हणे."

"आत कोण असायचं?"

"छोट्या डॉक्टर. मधे त्यांना कांजिण्या झाल्या, त्या बरेच दिवस घरीच होत्या. पण नळ्या तर रोज जात होत्या तपासणीला. कोण काढत होतं देव जाणे. माझी तेव्हा दुपारची पाळी, आणि रक्त सकाळी काढत."

मास्तरीणबाईंना ही बाई आवडली. म्हणजे त्यांना चटकन कुणी आवडत नसे, आणि ज्यांच्यावर घाईघाईने आळ येतो त्या माणसांकडे तर त्या आधी दुप्पट संशयाने बघत. पण हा हात मापात चुकणारा नव्हता.

बाहेर बाकावर ती आई बसली होती. बाळ पदराआड दूध पीत होतं. बाई शेजारी बसल्या.

"वरचं काही देता का हिला?"

"नाही हो. अजून अंगावरच आहे. पाण्याचा थेंबही नाही दिला."

"रक्त काढायला आत न्यायचे तेव्हा फार रडायची?"

"अजिबात नाही! त्यांचं तेवढं मात्र कौतुक आहे बघा," आई म्हणाली. रागातही तिच्याने खोटं बोलवत नव्हतं. "किती हलका हात! हातावर कापूस आणि चिकटपट्टी लावून आणायचे. रात्री पट्टी काढली तर टोचल्याची खूणसुद्धा नाही. इतक्या वेळा टोचलं, पण डाग म्हणून नाही."

मास्तरीणबाईंनी त्या आईकडे पाहिलं. मग त्या गोबऱ्या, गोऱ्या, निष्कलंक हाताकडे पाहिलं. पाच महिन्यांच्या पोराची शीर शोधणं किती अवघड असतं हे त्यांना ठाऊक होतं. भल्याभल्यांना तिथे घाम फुटतो, दोनदा टोचावं लागतं, हात निळा पडतो. जगात इतका हलका हात कुणाचाच नसतो.

न टोचलेल्या हाताला कुणीतरी रोज पट्टी लावत होतं.

३. नळ्या

"आकडे तर मी सगळे पाठवलेत," प्रयोगशाळेतला तपासणीस म्हणाला. अंगाने जाडजूड, बोलण्यात सावध. कुणी काही विचारलं की आधी दाराकडे बघायचा.

"आकडे नकोत मला. उरलेलं रक्त ठेवलंय ना? ते दाखव."

रक्त म्हणजे लाल रक्त नव्हे. रक्त यंत्रात गरागरा फिरवलं की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी उरतं. त्या पाण्यात औषध मोजतात. मोजून उरलेलं छोट्या छोट्या नळ्यांत भरून गोठवून ठेवतात, उद्या कुणी शंका काढली तर पुन्हा मोजता यावं म्हणून. तपासणीसाने कुरकुरत शीतपेटी उघडली, नळ्यांच्या घडवंच्या बाहेर काढल्या. प्रत्येक नळीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर बाळाचा क्रमांक.

गोठलेलं पाणी वितळेपर्यंत बाई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. तपासणीस दोनदा घड्याळ बघून आला. मग बाईंनी घडवंच्या उचलून खिडकीपाशी नेल्या आणि उन्हात धरल्या.

आयुष्यभर त्यांनी अशा नळ्या पाहिल्या होत्या. कुणाचं पाणी वाळक्या गवतासारखं फिकं, कुणाचं ढगाळ, कारण ते नुकतंच दूध प्यायलेलं असतं, कुणाचं सुई नीट न लागल्याने गुलाबी. चार पोरं, चार रंग. इथे एका घडवंचीतल्या थोड्याशा नळ्या तशा होत्या, अगदी सुरुवातीच्या. बाकी सगळ्या घडवंच्यांतल्या सगळ्या नळ्या गडद पिवळ्या, जवळजवळ नारिंगी. या बाळाच्या, त्या बाळाच्या, ताटलीने न दचकलेल्या बाळाच्याही.

 त्यांनी नळ्या खाली ठेवल्या.

"हा रंग तुला दिसला नाही?"

तपासणीसाने दाराकडे पाहिलं. "दिसला ना."

"मग?"

"मला आकडा मागतात, बाई. रंग कुणी विचारला नाही."

"डोळे आहेत ना तुला?"

"डोळे आहेत आणि घरी दोन लेकरं पण आहेत," तो म्हणाला. "साहेबांना कोण विचारणार? वाटलं, कावीळ असेल सगळ्यांना."

"सगळ्यांना? एकाच वेळी? एकाच छटेची?"

तो नळ्या आवरायला लागला. मारून मुटकून वैद्यबुवा झालेला माणूस निदान अडाणी तरी असतो. ह्याला सगळं कळत होतं आणि ह्याने मान दुसरीकडे वळवली होती. बाईंना त्याच्या टेबलाला हात लागलेलाही नकोसा वाटला. बाहेर येऊन त्यांनी नळाखाली हात धुतले, मग पुन्हा धुतले.

हात पुसता पुसता त्या थबकल्या. कावीळ नाही. कावीळ झालेल्या बाळाला अशा अभ्यासात घेतच नाहीत. मग माणसाच्या रक्ताला नारिंगी करणारं दुसरं असतं काय? आणि जे काही असतं, ते अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात जाईल कसं?

उत्तर त्यांना भाजीवाल्याच्या गाडीसमोर मिळालं. त्या तशाच मागे वळल्या आणि जवळजवळ धावत वॉर्डात आल्या.

"सिस्टर, त्या मुलांत कुणाचे तळवे पिवळे होते का? डोळे पांढरे स्वच्छ, पण तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा पिवळा?"

सिस्टरने क्षणभर विचार केला. "एक होता. गुबगुबीत, दहा महिन्यांचा. त्याची आजी आमच्या सगळ्यांशी भांडायची, म्हणायची, माझ्या नातवाला तुमचं जेवण नको." मग तिचा चेहरा बदलला. "बाई, त्याचं एक विचित्र होतं. त्याचा ताप उतरला तरी त्याला सोडत नव्हते. मी विचारलं होतं, इंजेक्शन बंद करू का? साहेब म्हणाले, कोर्स पूर्ण व्हायला हवा. तो कोर्स काही केल्या संपेचना."

४. आजीचं कौतुक

"गाजर आणि लाल भोपळा!" आजी म्हणाली. "उकडायचं, चांगलं घोटायचं. सकाळी एक वाटी, दुपारी एक, संध्याकाळी एक. दवाखान्यातही मी डबा न्यायचे. म्हणून तर बघा अंग कसं धरलंय."

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीत वाळत घातलेले लंगोट, जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर लोण्याच्या गोळ्यासारखं गुटगुटीत पोर. तळपाय हळदीने माखल्यासारखे पिवळे, डोळे मात्र दुधासारखे पांढरे. गाजराचा रंग अंगात मुरतो, बाकी अपाय काही नाही. खाणं थोडं बदललं की उतरतो.

"अहो सासूबाई, चहा तर घेऊ द्या त्यांना," सून म्हणाली. ती बारीक, थकलेली आणि सासूच्या बोलण्यात मधूनच एखादा शब्द घुसवायला तरबेज होती.

"घेतील की. तर काय सांगत होते, मोठे साहेब म्हणजे देवमाणूस! आधी ती छोटी डॉक्टरीण यायची. मग ती आजारी पडली, तर साहेब स्वतः यायचे आमच्या बाळाचं रक्त काढायला. स्वतः! एवढा मोठा माणूस. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, याची शीर बघा कशी दोरीसारखी, असं बाळ शंभरात एक."

"फार रक्त घेतलं पण," सून म्हणाली. "पिवळा होता तो पांढरा दिसायला लागला होता."

"तुझं आपलं काहीतरीच! अभ्यासासाठी लागतं. साहेब म्हणाले ना, तुमच्या नातवामुळे शेकडो मुलं वाचतील. त्याला खाऊ पण आणला होता त्यांनी."

मास्तरीणबाईंना चहा गिळवेना. किळस येते तेव्हा माणसाला आधी पोटात कळतं, डोक्यात मागाहून. ही बाई हात जोडत होती आणि ज्याला हात जोडत होती त्याने तिच्या नातवाला गाईसारखं बांधून ठेवून त्याची धार काढली होती. बरं झालेलं पोर घरी न पाठवता त्याच्या अंगात रोज तेच जालीम औषध भरलं होतं. कशासाठी, तर रक्तात औषध असल्याशिवाय नळ्या भरणार कशा!

आणि मग बाईंना जे सुचलं ते सुचलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

"फार शहाणं बाळ दिसतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "रडत नाही?"

"आताशा किती गुणी झालंय!" आजी म्हणाली. "आधी कुकरची शिट्टी झाली तरी किंचाळायचं. आता शेजारी भिंतीला खिळे ठोकतात, तरी गाढ झोपतं."

मास्तरीणबाई उठल्या. पोराच्या पाठीमागे गेल्या. पिशवीतून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्या डोक्यामागे जोरात वाजवला. मग दोन्ही हातांनी टाळी वाजवली. पोर सतरंजीचा दोरा ओढत राहिलं.

आजीला अजून कळलं नव्हतं. सुनेला कळलं. तिच्या हातातला कप खाली पडून फुटला, आणि त्या आवाजालाही पोराने मान वळवली नाही.

५. पितळ

परवाच्या दिवशी त्याच खोलीत सगळे जमले. मोठे साहेब, छोटी डॉक्टरीण, तपासणीस, सिस्टर, आणि रुग्णालयाच्या समितीवरचे काही पोक्त, पडक्या आवाजाचे लोक. सहीचा कागद आणि पेन बाईंच्या समोर मांडून ठेवलं होतं. बाईंनी कागद बाजूला सारला आणि तिथे नळ्यांची घडवंची ठेवली.

"रक्त खोटं बोलत नाही असं तू म्हणालास," त्या साहेबांना म्हणाल्या. "बरोबर. म्हणून मी त्यालाच विचारलं. हे रक्त म्हणतं, मी गाजर खातो."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

"ही नळी पाच महिन्यांच्या मुलीची. ती अंगावर पिते. ही दीड महिन्याच्या मुलाची. तो गाजर खायला बाहेरून दात आणणार आहे का? सगळ्यांचा रंग एक, कारण सगळ्यांचं रक्त एकाच पोराचं. तो दहा महिन्यांचा, धट्टाकट्टा, किडनी ठणठणीत. औषध त्याच्या रक्तातून झरझर उतरलं. ते बघून तुम्ही डोस वाढवलात आणि तो तान्ह्या पोरांना दिलात. त्यांच्या रक्तात किती साठलं हे कुणालाच माहीत नाही, कारण त्यांना टोचलंच नव्हतं. नुसती पट्टी लावली होती."

"हे भयंकर आहे," साहेब म्हणाले. आवाजात धक्का अगदी मापात होता. त्यांनी हळूच मान छोट्या डॉक्टरणीकडे वळवली. "मी तुझ्यावर विश्वास टाकला होता."

तिने मान खाली घातली. 

"थांब," बाई म्हणाल्या. "सिस्टरचं डोकं हातचं गेलं, म्हणून आता हिचं शोधू नकोस. हिने सुरुवात केली, हे खरं. हिला शिरा सापडत नव्हत्या, पोरं निळी पडत होती, आणि हिने तुला सांगितलं. काय ग?"

"सांगितलं," ती कशीबशी म्हणाली. "सर म्हणाले, जिथे मिळतं तिथून घे. मी घेतलं. आम्ही... आम्ही त्याला नळ म्हणायचो. नळावर जाऊन येते, असं."

सिस्टरने डोळे मिटले. दहा महिन्यांच्या पोराला नळ!

"तुझंही होईल जे व्हायचं ते," बाई तिला म्हणाल्या. "पण मग तू कांजिण्यांनी घरी पडलीस. तरी नळ्या येत राहिल्या आणि रंग तोच राहिला. म्हणजे सुई दुसऱ्या हातात गेली. कुणाच्या? तपासणीसाला वॉर्डात प्रवेश नाही, त्याचा गुन्हा निराळा, त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. सिस्टर तेव्हा दुपारी यायची आणि रक्त सकाळी काढत. राहिला कोण? आणि ताप गेल्यावरही पोराला अडकवून ठेवायचा, औषध चालू ठेवायचा हुकूम या इमारतीत कोण देऊ शकतं? हे मी नुसतं तर्काने सांगत नाही. त्याची आजी सगळ्या गल्लीला अभिमानाने सांगते आहे, की मोठे साहेब स्वतः येऊन रक्त काढायचे."

साहेबांच्या कपाळावर घाम नव्हता. त्याचंच बाईंना जास्त नवल वाटलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"बाई, तुम्ही वर्गातल्या माणूस आहात," ते म्हणाले. "तान्ह्या पोरांना पुन्हा पुन्हा टोचायचं, त्यांच्या आयांचा आक्रोश ऐकायचा, आणि कशासाठी? आकडा साधारण तोच आला असता. मी एका मुलाला टोचलं आणि बाकी सगळ्यांना वेदना वाचवल्या. याला तुम्ही गुन्हा म्हणता?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते. हा भांडं डोक्यावर घेऊन नाचत होता.

"तुझा नळ बहिरा झालाय," त्या म्हणाल्या.

 साहेबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सहीच्या कागदाकडे. तो कागद त्यांनी नकळत स्वतःकडे ओढून घेतला, कुणी हिसकावून नेईल म्हणून की काय. एवढ्यातही! मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे पाठ केली.

"सिस्टरवरचा आळ आजच मागे घ्या," त्या समितीला म्हणाल्या. "पोलिसांना बोलवा. आणि त्या अभ्यासातल्या प्रत्येक पोराचे कान तपासा, आजपासून."

६. किती देऊ

तपासले. आणखी दोन निघाली.

साहेबांना पोलीस घेऊन गेले, डोस रद्द झाला, वर्तमानपत्रात आलं, लोक वॉर्डाच्या दाराशी येऊन थुंकून गेले. थुंकणाऱ्यांवर मास्तरीणबाई रागावल्या नाहीत. समितीने त्यांना हात जोडून सांगितलं, तुम्हीच वॉर्ड बघा थोडे दिवस. त्यांनी बघायला घेतला, कारण दुसरं कुणी घेईना.

चोर सापडला की गोष्ट संपते म्हणतात. इथे ती संपली नाही. एका सकाळी तीन महिन्यांचं एक बाळ आलं. तापाने फणफणलेलं, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या दवाखान्यात दिलेल्या औषधांनी काडीचा फरक पडला नव्हता. तपासणीत एकच औषध त्याच्या उपयोगाचं निघालं. तेच.

सिस्टरने कपाट उघडलं, ती छोटी बाटली काढली, सिरिंज काढली आणि हात थांबवला. जिचा हात कधी मापात चुकला नाही ती बाई बाटलीकडे बघत उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली. "किती देऊ?"

मास्तरीणबाईंना उत्तर माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तीन महिन्यांच्या पोराला किती, हा आकडा जिथे असायला हवा होता तिथे एका बहिऱ्या पोराचं रक्त ठेवलेलं होतं. त्या माणसाने केलेलं सगळ्यात घाण काम हेच होतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. औषध हातात होतं आणि पोराला किती द्यायचं ते कळत नव्हतं. जास्त दिलं तर कान जातील, कमी दिलं तर पोर जाईल.

"कमीपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "पहिल्या इंजेक्शनआधी एकदा रक्त घेऊ, याची किडनी कशी चालते ते कळेल. पुढचं इंजेक्शन लांबवू. आणि त्याच्या आधी पुन्हा याचं रक्त बघू, किती उतरलं ते. याचंच रक्त. जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा." मग त्या आईकडे वळल्या. "ताई, तुमच्या बाळाला टोचावं लागेल. दुखेल. रडेल ते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याशिवाय मला त्याचं माप कळणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी औषध देईन, पण अंदाजाने."

आईने सगळं ऐकलं होतं. सगळ्या गावाने ऐकलं होतं. तिने बाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तीच किळस होती जी इतके दिवस बाईंच्या पोटात होती. फक्त ती आता बाईंवर रोखलेली होती.

"तुम्हीही त्यांच्यातल्याच ना?"

मास्तरीणबाईंच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "त्यांच्यातलीच."

बाळ कण्हलं. आईने त्याच्या कपाळावर ओठ टेकवले, ताप पाहिला.

"मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "दार उघडं राहील. सुई माझ्यासमोर टोचायची, रक्त माझ्यासमोर भरायचं. आणि नळीवर नाव मी लिहीन."

सिस्टरने तिला पेन दिलं. शीर पहिल्यांदा सापडली नाही. बाळ किंचाळलं, आईनेही ओठ दाताखाली धरला, पण हात सोडला नाही. दुसऱ्यांदा सापडली. आईने नळीवरच्या चिठ्ठीवर बाळाचं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि मगच नळी बाईंच्या हातात दिली.

"आता द्या औषध," ती म्हणाली. "कमीच द्या."